चाळिशी लागलेला डोळा आणि रायफलवरचा लाल ठिपका

स्वीडनच्या जंगलांत दर शरद ऋतूत मूसची, म्हणजे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठ्या प्राण्याची, शिकार होते आणि तेथील वनव्यवस्थापनाचा तो मान्य भाग आहे. कुत्र्यांनी उठवलेले जनावर झाडीतून मोकळ्या पट्ट्यात येते तेव्हा नेम धरायला काही क्षणच मिळतात. याच देशातील एमपॉइंट या कंपनीने १९७५ मध्ये विजेवर चालणारी लाल ठिपक्याची साइट, म्हणजे रायफलवर बसवायचे नेम धरण्याचे साधन, बाजारात आणली. जलद नेमासाठी ती नावाजली गेली, तरी तिचा खरा मोठा लाभ चाळिशी ओलांडलेल्या शिकाऱ्यांना झाला, आणि त्याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे.

साध्या रायफलवर नेम धरताना मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. खाच डोळ्यापासून जेमतेम अर्ध्या मीटरवर, माशी पाऊण ते एक मीटरवर आणि जनावर शंभर मीटरवर असते. एका वेळी एकाच अंतरावर दृष्टी स्थिर करणाऱ्या डोळ्याला हे तिन्ही स्पष्ट दिसणे शक्यच नसते. तरुण डोळा आपल्या लवचीक भिंगाचा आकार झटकन बदलून ही उणीव झाकतो, इतकेच. वयानुसार हे भिंग कठीण होत जाते आणि जवळचे पाहण्याची शक्ती हळूहळू ओसरते. या ऱ्हासाचे पद्धतशीर विवेचन डच नेत्रतज्ज्ञ फ्रान्स डोंडर्स यांनी १८६४ च्या ग्रंथात केले. शिकाऱ्याच्या बाबतीत पहिला फटका खाचेला बसतो, मग माशी धूसर होते. जवळचा चष्मा लावावा तर जनावरच पुसट होते.

ठिपक्याच्या साइटमागचे तत्त्व डब्लिनचे दुर्बीण-निर्माते हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्येच मांडले होते. आजच्या साइटमध्ये एक छोटा एलईडी वक्र काचेच्या नाभीवर, म्हणजे तिचे परावर्तित किरण समांतर होतील अशा बिंदूवर, बसवलेला असतो आणि काचेवरचा लेप त्याचा लाल प्रकाश तेवढा परावर्तित करून बाकीचा आरपार जाऊ देतो. समांतर किरणांमुळे ठिपका दूरवर, लक्ष्याच्याच पातळीवर, असल्यासारखा दिसतो. जनावराच्या अंगावर कोणताही प्रकाशझोत पडत नाही. डोळ्याला तीनऐवजी एकाच अंतरावर पाहायचे उरते आणि तेही दूरचे, जे कडक झालेल्या भिंगालाही जमते. काही साइट एका सेलवर ५०,००० तास चालतात, त्यामुळे ऐनवेळी ठिपका विझण्याची धास्तीही फारशी राहिलेली नाही.

मात्र या साधनाकडून भलत्याच अपेक्षा ठेवल्या जातात, हे स्पष्ट सांगायला हवे. ते प्रतिमा मोठी करत नाही. दूरचा नंबर असलेल्याला दूरचा चष्मा लागतोच. आणि गाल दस्त्याला टेकला की नजर काचेच्या वरच्या, नाकाकडील कोपऱ्यातून जाते, हे चष्मा करून घेताना सांगितलेले बरे. सिलिंड्रिकल नंबर असेल, म्हणजे बुबुळाचा वक्र सर्व दिशांना सारखा नसेल, तर ठिपका स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या ताऱ्यासारखा दिसतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तोच ठिपका गोल दिसला तर दोष साइटचा नसून डोळ्याचा आहे. मोतीबिंदू वाढू लागल्यावर ठिपक्याभोवती प्रभावळ पसरते, आणि सांजवेळी तेज जास्त ठेवले तर तीच प्रभावळ जनावर झाकून टाकते. दृष्टिपटलाच्या झिजेवर तर या साइटचा काहीच इलाज नाही.

ठिपक्याच्या आकाराचाही हिशेब ठेवावा लागतो. साइटवर २ एमओए, म्हणजे कोनाच्या मापात दोन मिनिटे, असे लिहिलेले असले तर तो ठिपका १०० मीटरवर सुमारे ६ आणि २०० मीटरवर सुमारे १२ सेंटिमीटर जागा व्यापतो. अंतर वाढते तशी ठिपक्याआड जाणारी जागा वाढते, आणि नेम चुकून जनावर जखमी होऊन झाडीत शिरले तर त्याच्या वाट्याला तासन् तास वेदना येतात. म्हणून ज्या अंतरावर दूरच्या चष्म्यानिशीही जनावराचा खांदा स्पष्ट ओळखता येत नाही, त्या अंतरावर वयस्कर शिकाऱ्याने गोळी झाडूच नये, आणि साइट विकत घेण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून दोन्ही डोळे तपासून घ्यावेत.