साथ ओसरल्यानंतर

विषाणू माणसाची जात किंवा मिळकत विचारीत नाही. तरीही साथीचा आघात सर्वांवर सारखा होत नाही. इ. स. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झाचा शिरकाव झाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने उग्र रूप धारण केले. त्या साथीत युरोपियनांमध्ये दर हजारी ८.३, पारशांमध्ये ९.०, तर शासकीय नोंदीत ज्यांना ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटले होते त्यांच्यात दर हजारी ६१.६ माणसे दगावली.

विषाणू एकच असता हे अंतर कोठून आले? एका खोलीत दाटीने राहणाऱ्या कुटुंबात संसर्ग झपाट्याने पसरतो. अर्धपोटी शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण असते. घरातील सारीच माणसे अंथरुणाला खिळली, की पाणी पाजावयासही कोणी उरत नाही. या रोगावर तेव्हा औषध नव्हते. शुश्रूषा हाच उपचार होता, आणि गरिबांना तोच दुर्मिळ होता.

साथ ओसरत असताना आलेल्या १९१९ च्या कायद्याने सार्वजनिक आरोग्याचे खाते प्रांतिक मंत्र्यांकडे सोपविले. अर्थखाते मात्र राखीवच राहिले. जबाबदारी एकाकडे आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, अशी ही व्यवस्था होती. पुढे सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात निराळे तत्त्व मांडले: पैसे देता येत नाहीत एवढ्याच कारणाने कोणीही योग्य उपचारांस मुकू नये. तिने सुचविलेली प्राथमिक आरोग्य केंद्रे १९५२ पासून समुदाय विकास योजनेतून उभी राहू लागली.

२०२० मध्ये कोविडची साथ आली, तेव्हा जुन्या उणिवा पुन्हा उघड्या पडल्या. यानंतर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत ७०,०५१ कोटी रुपयांचे आरोग्य-अनुदान सुचविले. इमारत नसलेली ग्रामीण उपकेंद्रे, प्राथमिक केंद्रांतील रोगनिदानाची साधने आणि शहरी आरोग्य केंद्रे यांसाठी ते होते. येथे जबाबदारीबरोबर पैसाही द्यावा, हा विचार दिसतो.

तथापि धोरणाची खरी कसोटी खर्चाच्या आकड्यात नसते. १९१८ ची विषमता आज आपणांस ठाऊक आहे, ती मृत्यूंची नोंद समाजवार ठेवली गेली म्हणून. जे मोजले जात नाही, ते सुधारताही येत नाही. पुढील साथीच्या नोंदीत ८ आणि ६१ यांमधील दरी कितपत उरते, यावरच आजच्या प्रयत्नांचे मोल ठरेल.