काल आपला, आज त्यांचा

३० सप्टेंबर २०२५ च्या रात्री लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर चेल्सी आणि पोर्तुगालचा बेन्फिका या संघांत युरोपच्या चॅम्पियन्स लीगचा सामना झाला. चेल्सीने तो एका गोलने जिंकला, आणि तो गोलही बेन्फिकाच्याच खेळाडूकडून चुकून स्वतःच्या जाळ्यात गेलेला. खेळाच्या दृष्टीने विसरून जावा असाच सामना. लक्षात राहिले ते प्रेक्षक. पाहुण्या संघाचे व्यवस्थापक होते जोसे मोरिन्यो. चेल्सीला २००५, २००६ आणि २०१५ अशी तीन वेळा इंग्लंडची लीग जिंकून देणारे, आणि त्याच चेल्सीने दोनदा घरी बसविलेले. त्या रात्री चेल्सीच्या प्रेक्षकांनी त्यांच्या नावाचा घोष केला. मार्च २०१७ मध्ये हेच गृहस्थ मँचेस्टर युनायटेडचा संघ घेऊन याच मैदानावर आले, तेव्हा याच प्रेक्षकांतून ‘जुडास, जुडास’ अशा आरोळ्या उठल्या होत्या. जुडास म्हणजे येशूला पकडून देणारा शिष्य. आपल्याकडे एखाद्याला सूर्याजी पिसाळ म्हणावे, तसेच. मोरिन्यो यांनी तेव्हा त्यांच्याकडे वळून तीन बोटे उंचावली होती. तुमची तीन अजिंक्यपदे मोजा, आणि मग मला नावे ठेवा, असा त्याचा अर्थ.

एकाच माणसाविषयी एकाच जमावाच्या मनात आठ वर्षांत एवढा पालट का व्हावा? सोपे उत्तर असे, की मँचेस्टर हा घरच्या लीगमधला वैरी आणि लिस्बन दूरचे. दूरच्या घरी गेलेल्याला क्षमा करणे सोपे जाते. हे खरेच आहे. परंतु मधल्या काळात मोरिन्यो टॉटनहॅमचेही व्यवस्थापक होऊन गेले होते, आणि चेल्सीच्या माणसाला टॉटनहॅमइतका नकोसा शेजारी लंडनमध्ये क्वचितच सापडेल. तेही पोटात घातले गेले. तेव्हा निव्वळ अंतराच्या हिशेबाने हे कोडे सुटत नाही.

त्यासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याचे कारणही नाही. योगायोग असा, की ज्या दिवशी लंडनमध्ये हा जयघोष झाला त्याच दिवशी आपल्या देशातील एका सामन्याला बरोबर पन्नास वर्षे पूर्ण झाली. ३० सप्टेंबर १९७५ रोजी कलकत्त्यात आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा पाच विरुद्ध शून्य असा पराभव केला. या दोन संघांच्या लढतींत एवढ्या फरकाचा पराभव त्यापूर्वी कोणी पाहिला नव्हता, आणि त्यानंतरही पाहिलेला नाही. या विजयामागे जो माणूस होता, तो वर्षभराच्या आत मोहन बागानच्या बाकावर जाऊन बसला. त्याचे नाव प्रदीपकुमार बॅनर्जी. सर्व हिंदुस्थान त्याला ‘पीके’ म्हणून ओळखत असे.

या दोन संघांचे वैर केवळ मैदानावरचे नव्हे, हे येथे सांगितलेच पाहिजे. मोहन बागान १८८९ सालचा. १९११ साली बहुतेक अनवाणी खेळाडूंनिशी त्याने गोऱ्या पलटणीला हरवून शील्ड जिंकली, आणि ती गोष्ट राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात जाऊन बसली. ईस्ट बंगाल १९२० चा. त्याच्यामागे उभे राहिले ते पूर्व बंगालमधून आलेले लोक. आणि फाळणीनंतर तर घरदार, शेतीवाडी, नदी मागे टाकून आलेल्या लक्षावधी निर्वासितांना ‘आपले’ म्हणावे असे जे थोडेफार उरले होते, त्यात हा एक संघ होता. मूळचे ते ‘घोटी’, आलेले ते ‘बांगाल’. ईस्ट बंगाल जिंकला की बाजारात इलिश मासा महागतो आणि मोहन बागान जिंकला की कोळंबी, असे तेथे गमतीने म्हणतात. ज्याने गाव गमावले त्याने संघ का धरून ठेवावा, हे समजायला फार मोठे मानसशास्त्र लागत नाही. कोल्हापूरच्या वाचकांना तर हे सांगण्याची गरजच नाही. शाहू स्टेडियमवर एका तालमीचा खेळाडू पुढच्या हंगामात दुसऱ्या तालमीच्या रंगात उतरला की पेठेत काय बोलले जाते, ते त्यांनी ऐकलेले आहे.

पीके स्वतः या दोहोंपैकी कोणाकडूनही कधी खेळले नाहीत. जलपैगुडीत जन्मलेला हा माणूस खेळाडू म्हणून ईस्टर्न रेल्वेचा. १९५८ साली त्या रेल्वेच्या संघाने बड्या संघांना मागे टाकून कलकत्ता लीग जिंकली, त्यात तो होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचा कर्णधार होता. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघातही होता. त्याच काळातले चुनी गोस्वामी यांच्याशी तुलना करावी. चुनीबाबू मोठ्या संघांतील आपली सारी कारकीर्द मोहन बागानकडूनच खेळले. त्यांची निष्ठा कोणाला विचारावी लागली नाही. पीके नोकरीपेशातले. जेथे नेमणूक होईल तेथे मन लावून काम करायचे, हा त्या पेशाचा धर्म, आणि तो हलका मानण्याचे काही कारण नाही. आपणांपैकी बहुतेकांनी जन्मभर दुसरे काय केले?

१९७२ साली ते ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षे ईस्ट बंगालने कलकत्ता लीग जिंकून महमेडन स्पोर्टिंगचा पाच वर्षांचा जुना विक्रम मोडला. त्यांतली शेवटची चार वर्षे पीकेंची. सामन्यापूर्वी ते खेळाडूंना जे सांगत, त्याला वर्तमानपत्रांनी ‘व्होकल टॉनिक’ असे नाव दिले होते. शब्दांनी माणसे पेटविण्याची ही त्यांची विद्या होती. १९७५ च्या त्या अंतिम सामन्यात सुरजित सेनगुप्त, श्याम थापा, रणजित मुखर्जी आणि शुभंकर संन्याल यांनी मिळून पाच गोल केले, थापांचे दोन. पीकेंचे धाकटे बंधू प्रसून त्या काळात मोहन बागानकडे होते, म्हणजे त्या घरात तरी त्या रात्री आनंद आणि शोक एकाच ताटात वाढले गेले असतील. शोक हा शब्द येथे अलंकारिक नाही. पराभव सहन न होऊन मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने जीव दिला.

आणि पुढच्या हंगामात पीके मोहन बागानचे प्रशिक्षक झाले.

अशा वेळी नेहमी विचार होतो तो ज्यांना सोडून गेला त्यांचा. ज्यांच्याकडे आला त्यांचा कोणी करीत नाही. ज्या माणसाने दहा महिन्यांपूर्वी आपल्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, त्यालाच आता हार घालायचा? त्याच्या नावाने बोटे मोडली, ती बोटे आता टाळ्यांसाठी वापरायची? जुलै १९७६ मध्ये लीगमधला ईस्ट बंगालविरुद्धचा सामना सुरू झाला आणि अवघ्या सतरा सेकंदांत उलगनाथनच्या पासवर अकबरने गोल केला. मोहन बागानने तो सामना एका गोलने जिंकला आणि ती लीगही जिंकली. सतरा सेकंद! बागानच्या चाहत्याला मनाशी वाद घालायलाही सवड मिळाली नाही. पीके त्यांचे झाले ते कोणाच्या संमतीने नव्हे, त्या गोलामुळे.

ईस्ट बंगालच्या माणसाला अशी सुटका नव्हती. सप्टेंबर १९७७ मध्ये पेले यांच्या कॉसमॉस संघाला मोहन बागानने ईडन गार्डन्सवर दोन-दोन असे बरोबरीत रोखले. काही दिवसांतच शील्डच्या अंतिम सामन्यात त्याच संघाने ईस्ट बंगालला एका गोलने हरविले. तो गोल कोणाचा? श्याम थापाचा. पंचाहत्तरच्या पाचांतले दोन ज्याने केले, तोही आता पलीकडे गेला होता. बागानने त्या हंगामात शील्ड, ड्युरँड आणि मुंबईचा रोव्हर्स करंडक असे तिन्ही जिंकले.

त्या रोव्हर्सच्या वेळची एक आठवण प्रस्तुत लेखकाच्या मनातून गेलेली नाही. तेव्हा आमच्या कचेरीत एक बंगाली सहकारी होते. वयाने वडील, म्हणून आम्ही सारे त्यांना दादाच म्हणत असू. बारिसालमधून लहानपणी आईबरोबर आलेले, जादवपूरच्या निर्वासित वसाहतीत वाढलेले, आणि बदलीने मुंबईस येऊन पडलेले. ईस्ट बंगाल कूपरेजवर खेळायला आला की ते रजेचा अर्ज आदल्या दिवशीच टेबलावर ठेवीत. त्या वर्षी मात्र मोहन बागानच्या सामन्याला चला, असे तेच म्हणाले. ‘खेळ बघायला,’ असा खुलासाही न विचारता केला.

खेळ त्यांनी पाहिला नाही. ते बाकाकडे पाहत होते. बागानने गोल केला तेव्हा त्यांचे हात टाळीसाठी उचलले गेले, मध्येच थांबले, आणि मग त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. मध्यंतरात खेळाडूंचे कोंडाळे जमले आणि मधोमध पीके हातवारे करून काही सांगू लागले. दादा पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘तेच सांगत असणार.’

‘काय?’ मी विचारले.

‘आम्हाला सांगत होते ते.’

एरवी ते ‘प्रदीपदा’ म्हणत. त्या दिवशी परतताना, चर्चगेट स्टेशनपर्यंतच्या वाटेवर, त्यांनी जेव्हा जेव्हा उल्लेख केला तेव्हा ‘पी. के. बॅनर्जी’ असाच केला, वर्तमानपत्रात छापतात तसा.

दादांचे ते उत्तर मला पुढे अनेकदा आठवले, आणि या साऱ्या प्रश्नाचे मर्म त्यात आहे असे वाटू लागले. प्रशिक्षक पलीकडे गेला म्हणजे आपले डावपेच घेऊन गेला, याचे दुःख चाहत्याला फारसे नसते. डावपेच दुसरा कोणी शिकवील. त्याला सलते ते वेगळेच. ज्या शब्दांनी आपला संघ पेटला, ते शब्द आपल्यासाठीच होते अशी त्याची समजूत असते. तेच शब्द तितक्याच तळमळीने दुसऱ्यांना सांगितले जाताना पाहिले, की पूर्वीच्या विजयांवरही एक बारीक सावली पडते. शिक्षक-वाचकांना हे चटकन पटेल. बदली होऊन दुसऱ्या शाळेत गेलेले आवडते गुरुजी तेथील मुलांना ‘तुमच्यासारखा वर्ग मला कधी मिळाला नाही’ असे म्हणाल्याचे जुन्या वर्गाच्या कानावर येते, तेव्हा त्या मुलांना काय वाटते? गुरुजी खोटे बोलले असे मुळीच नाही. दोन्ही ठिकाणी ते मनापासूनच म्हणाले असतील. किंबहुना म्हणूनच ते अधिक लागते. लबाडाला नावे ठेवून मोकळे होता येते.

व्यवहारी लोक यावर सांगतात, की हा व्यवसाय आहे, यात भावना आणू नये. हा उपदेश मला नेहमीच उथळ वाटत आला आहे. भावना वगळल्या तर कलकत्त्याच्या मैदानावर चिखलात चेंडूमागे धावणारी बावीस माणसे उरतात. त्यांना पाहायला लाखभर लोक कशाला येतील? गद्दार म्हणून ओरडणाऱ्यांचेही मला पटत नाही. ज्याने पाच-शून्य दिले त्याला गद्दार म्हणताना ते पाच गोल काही परत करता येत नाहीत, आणि परत करायचेही नसतात. टाळी आणि शिवी यांच्यामध्ये हात मांडीखाली दाबून बसलेला तो माणूसच मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. क्लबच्या दारातून खेळाडू येतात-जातात, प्रशिक्षक येतात-जातात, पदाधिकारी निवडणुकीत पडतात. बदलीचा अर्ज कोठेच देता येत नाही असा त्या संस्थेतला एकटा तोच.

पीके परत आले. १९८० साली ते पुन्हा ईस्ट बंगालकडे होते, आणि १९९७ साली, साठी ओलांडल्यावर, आणखी एकदा. त्या वर्षी १३ जुलै रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर फेडरेशन करंडकाचा उपांत्य सामना झाला. एक लाख एकतीस हजारांवर प्रेक्षक. समोरच्या बाकावर मोहन बागानचे अमल दत्त, जे स्वतः पूर्वी ईस्ट बंगालकडून खेळले होते आणि तेथे प्रशिक्षकही राहिले होते! बागानचा एकमेव गोल केला तो चिमा ओकेरीने. तोही एके काळचा ईस्ट बंगालचा. पंचाहत्तरच्या हिशेबाने पाहिले तर कोण आपला नि कोण परका, याचा ताळा लागण्यापलीकडे गेला होता. भायचुंग भुतियाने तीन गोल केले, ईस्ट बंगालने चार-एक असा विजय मिळविला, आणि एवढ्या मोठ्या जमावात शहात्तर सालचा हिशेब कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. विजयाने अशी थकबाकी माफ होते. हे चांगले की वाईट, यावर माझे मत अजून ठरलेले नाही. चेल्सीच्या प्रेक्षकांनी मात्र बेन्फिका हरत असताना गाणी म्हटली, हे ध्यानात ठेवलेले बरे.

दादा तोवर निवृत्त होऊन कलकत्त्यास परतले होते. सामन्यानंतर पंधरवड्याने त्यांचे एक पोस्टकार्ड आले. गोलांचे वर्णन त्यात नव्हते. तिकीट मिळाले नाही, शेजाऱ्याकडे दूरदर्शनवर पाहिला, एवढेच. पुढे लिहिले होते, ‘प्रदीपदा आता फार थकलेले दिसतात. बाकावरून उठताना गुडघ्यावर हात ठेवतात.’ आणि खाली, उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत, कूपरेजवर रोव्हर्स अजून होते का, अशी चौकशी.