ठोकळ्यांचे घर

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात हस्तकलेच्या टेबलावर एक छोटे लाकडी घर मांडले होते, ते काहींना आठवत असेल. १५ इंच लांब, १० इंच रुंद, खाली तांबडा पट्टा, वर पांढरी भिंत आणि लाल कौले. 'कुठून विकत आणलेस?' असे बऱ्याच जणींनी विचारले. एका प्राध्यापकांनी 'सावंतवाडीचे काय?' म्हणून विचारले. त्या वेळी संकोचाने मी नुसतीच हसले. ते उत्तर आज देते.

सावंतवाडीचे नाव निघावे हे साहजिकच आहे. आंबोली घाट उतरून तेथे गेले की चितार आळी लागते. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडापासून केलेली रंगीत फळे, भाज्या, खेळणी, शिवाय पाट आणि चौरंग तेथे मिळतात. तेथील केळे चुकून सोलायला घ्यावे इतके हुबेहूब असते! त्या कामामागे पिढ्यान् पिढ्यांचा हात आहे. माझे घर त्या तोडीचे नव्हे. आमचे आण्णा सुतारमिस्त्री आहेत. ते ज्या फर्निचरच्या कारखान्यात कामाला जातात, तेथे खोक्यांच्या पाइनच्या पट्ट्या उरतात. त्या तुकड्यांचे हे घर आहे.

मूळ घर पंचगंगेकाठच्या गावात होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. नदीची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट मानतात, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आमच्या घरात ते कित्येक दिवस उभे होते. पाणी चढताना घर पडले नाही, ओसरताना पडले. ह्याचे कारण आण्णांनी पुढे मला समजावले. मोठ्या वाड्यात तुळयांचा भार लाकडी खांबांवर असतो. भिंत म्हणजे नुसता आडोसा, ती गेली तरी सांगाडा उभा राहतो. आमच्यासारख्यांच्या घरात तेवढे लाकूड कोठून येणार? तुळया थेट मातीच्या भिंतीवर टेकवलेल्या. कच्ची माती भिजली की तिचा जोर जातो, आणि बाहेरच्या पाण्याचा आधार सुटला की भिंत बसते. तेव्हापासून आम्ही शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो.

आजीला त्या घराचे माप तोंडपाठ आहे, पण फुटात नव्हे, हातात. 'खण तीन हाताचा, असं पाच खण. भित्ताड एक हात जाड.' हात म्हणजे दीड फूट. मी एका हाताला एक इंच धरले आणि सगळा हिशेब सोपा झाला. पाच खणांचे १५ इंच, भिंतीची जाडी बरोबर एक इंच, उंची पाच इंच. म्हणजे ठोकळा हवा एक इंच रुंद, एक इंच उंच आणि दोन इंच लांब. एका थराला तेवीस ठोकळे, थर पाच, त्यांतून दार-खिडक्या वजा केल्या की साधारण शंभर.

खरी अडचण करवतीची नव्हती, आण्णांची होती. त्यांनी मला कधी हत्याराला हात लावू दिला नव्हता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. 'तुझ्या हातात पेन बघायचाय मला, करवत न्हवं,' हे त्यांचे ठरलेले वाक्य. मी म्हटले, 'आण्णा, बाबूराव पेंटर पण मेस्त्रीच की! त्यांनी तर कॅमेरासुद्धा इथं कोल्हापुरातच बनवला.' ते काही बोलले नाहीत. रविवारी मात्र पिशवीतून पट्ट्या आणि जुना गुण्या घेऊन आले.

पहिला धडा असा की करवतही लाकूड खाते. १२ इंची पट्टीतून दोन इंचांचे सहा ठोकळे निघतील असे मी धरले होते, निघाले पाच आणि एक आखूड तुकडा. प्रत्येक छेदाला सुमारे अर्धे सूत भुशात जाते. (आठ सुतांचा एक इंच. हे माप आमच्या भूमितीच्या पुस्तकात कधीच आले नाही.) म्हणून पट्टीवर सगळ्या खुणा एकदम करायच्या नाहीत. एक कापायचा, मग गुण्या लावून पुढची खूण.

दुसरी गोष्ट रेषांची. लाकूड पावसाळ्यात फुगते ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून सर्व ठोकळ्यांचे रेषे एकाच दिशेने ठेवावे लागतात. घाईत मी थोडे तुकडे उभे बसवले होते. जुलैत तेथेच सांधा उकलला. भिंत रचताना खालचा सांधा आणि वरचा सांधा एका रेषेत येऊ द्यायचा नाही, हे मात्र गवंड्याकडे पाहून कोणालाही कळते.

रंग आधी की फेव्हिकॉल आधी? मी आधी रंगवले आणि फसले. रंगावर लावलेला फेव्हिकॉल रंगालाच धरतो, लाकडाला नाही. ओढले की सालीसकट निघते. चिकटणारी बाजू कोरीच ठेवली पाहिजे. तसेच ठोकळ्याचे टोक रंग अधाशासारखे पिते, तेथे प्रायमरचे दोन हात द्यावे लागतात. आधी सगळे कोरडे रचून पाहावे आणि पेन्सिलीने खालच्या बाजूला नंबर घालावेत. चौकट तेवढी मी पाइनची केली नाही. पडक्या घराचा उंबरा आण्णांनी जपून ठेवला होता, त्यातून ती काढली. त्यात एक मोडका खिळा निघाला आणि करवतीचे दोन दात गेले. आण्णा त्या दिवशी माझ्यावर रागावले नाहीत, ह्याचे मला अजून नवल वाटते.

ठोकळ्यांविषयी वाचताना ग्रंथालयात फ्रोबेल भेटला. ह्या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढली. त्याच्या साहित्यात एक इंचाचे आठ घन असत, ते जुळवले की दोन इंचांचा मोठा घन होई. पुढे अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट लहानपणी ह्याच ठोकळ्यांशी खेळला. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागडे साहित्य बाजूला ठेवून गावात मिळेल त्या वस्तूंवर भर दिला. माझ्या तुकड्यांना एवढी मोठी भावकी असेल असे वाटले नव्हते.

भिंतींना मी प्रथम निळा रंग दिला होता. छान दिसत होता! आजीने चष्मा लावून पाहिले. 'आपलं घर निळं कधी हुतं गं? खाली काव, वर चुना. आन् दिवळी कुठाय?' सोप्यातली दिवा ठेवायची देवळी मी साफ विसरले होते. भिंत तयार झालेली, रंग वाळलेला. आण्णांनी पटाशी माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या हाताने घर धरून ठेवले. वीस मिनिटांत अर्ध्या इंचाची देवळी झाली, थोडी वाकडी.

छप्पर मी चिकटवलेले नाही, ते उचलून निघते. संमेलनानंतर घर आमच्या ट्रंकेवर ठेवले आहे. आजी सोप्यात तपकिरीची डबी ठेवते, आणि माजघरात लाइटबिलाचे पैसे.