इंजिनाचा दक्ष कारभारी

मुलांनो, मोटारीतील गारव्याचा भार अखेर इंजिनावरच पडतो. गारवा निर्माण करणारा वायू दाबण्यासाठी कॉम्प्रेसर असतो. पुष्कळ मोटारींत तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. हा भार केव्हा घालावा व केव्हा उतरवावा, हे इंजिनाचा लहानसा संगणक ठरवितो. मोटार उभी असता गारव्याची कळ दाबली, की इंजिन बंद पडू नये म्हणून तो त्यास अधिक इंधन व हवा पुरवितो आणि विद्युच्चुंबकाच्या क्लचने कॉम्प्रेसर जोडतो. खंडाळ्यासारखा घाट चढताना चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, किंवा इंजिन फाजील तापले, तर तोच कॉम्प्रेसर सोडवितो. आत क्षणभर उकडते खरे. परंतु इंजिनाचे सारे बळ चढणीस मिळते. सुखापेक्षा कार्य आधी, हा विवेक माणसानेच त्या यंत्रास शिकविला आहे!