खाली पडलेला बोटाचा शेंडा

खानदेशातून वाहत येणारी तापी सुरतेपलीकडे हजीऱ्यापाशी समुद्रास मिळते. तिच्याच वाटेने खानदेशातील कित्येक कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेच्या बाजूस आली. हजीऱ्यास आज पोलाद, खत आणि नैसर्गिक वायू यांचे मोठमोठे कारखाने उभे आहेत. जेथे हातांचे काम, तेथे बोटांना मार हा आलाच. रक्त आले म्हणजे माणूस दवाखाना गाठतो. मुक्या माराची मात्र फारशी कोणी वास्तपुस्त करीत नाही.

अशा मारांपैकी एक फार फसवा आहे. लोखंडी नळी सरकते, किंवा सुट्टीच्या दिवशी झेल घेताना चेंडू ताठ बोटाच्या टोकावर आदळतो. इतकेच काय, गादीखाली चादर खोचतानाही असे घडते! घटकाभर कळ येते, ती ओसरते. पण बोटाचा शेंडा खाली लोंबतो. दुसऱ्या हाताने उचलावा तर सरळ होतो, सोडला की पुन्हा पडतो.

याचे कारण असे. बोटाच्या पाठीवरून दोरीसारखी एक बारीक कंडरा जाते व नखाच्या बुडाशी शेवटच्या पेरास चिकटते. पेर ताठ करणे हे तिचे काम. शेंडा अकस्मात जोराने वाकला की ती तुटते, अथवा हाडाची कपची घेऊन निघते. म्हणूनच बोट ओढून वा चोळून 'बसविण्याचा' घरगुती उपाय येथे निरुपयोगीच नव्हे, तर घातक ठरतो. अंगठी असल्यास सूज चढण्यापूर्वी काढावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा आणि क्ष-किरण चित्र काढून घ्यावे.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. शेवटचा सांधा ताठ ठेवणारी छोटी पट्टी बांधतात. मधला सांधा मोकळाच राहतो व तो हलवीत राहावा. ही पट्टी सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. खरी गोम येथेच आहे. दुखणे पहिल्या काही दिवसांतच थांबते, मग कामगारास पट्टीची अडचण वाटू लागते. आंघोळीच्या वेळी ती काढली आणि शेंडा एकदा जरी वाकला, तरी जुळू लागलेली कंडरा पुन्हा ताणते व दिवस पहिल्यापासून मोजावे लागतात. त्वचा धुवायची असल्यास बोट मेजावर सपाट टेकवून, शेंडा न वाकविता पट्टी बदलावी. पुढे काही आठवडे ती फक्त रात्री वापरतात. पुष्कळांना पट्टीसह हलके काम करता येते; त्याविषयी डॉक्टरांची चिठ्ठी मुकादमास दाखवावी.

जखम उघडी असेल, हाडाचा मोठा तुकडा निघाला असेल किंवा सांधा जागचा सरकला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. लहान मुलाचे नख मुळातून उचकटून शेंडा वाकला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण तेथे हाडाची वाढ होणारा भागच मोडलेला असू शकतो.

दुर्लक्ष झाले तर शेंडा कायमचा वाकडा राहतो. काहींचा मधला सांधाही हळूहळू उलट बाजूस झुकतो. तथापि दोन-चार आठवडे वाया गेलेल्या कामगारानेही निराश होण्याचे कारण नाही. उशिरा बांधलेल्या पट्टीनेही अनेकांचे बोट पुष्कळसे सरळ झालेले आहे.