ध्येय भिंतीवर टांगून भागत नाही

करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. 1953 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना कुणीतरी विचारले, तुमची ध्येये तुम्ही लिहून ठेवली आहेत का? फक्त 3 टक्के मुले हो म्हणाली. वीस वर्षांनी पाहतात तो काय, या 3 टक्क्यांची संपत्ती उरलेल्या 97 टक्क्यांच्या एकूण संपत्तीहून जास्त! टाळ्या पडतात, पोरे वह्या उघडून ध्येये लिहू लागतात. गोष्टीत खोट एवढीच, की असा अभ्यास कधी झालाच नाही. येलनेच शोधाशोध करून तसे सांगून टाकले आहे. व्याख्यात्यांच्या तोंडातून ती गोष्ट अजून काही गेलेली नाही.

ध्येयावरचे खरे प्रयोग याहून कमी चमकदार आहेत, पण कामाचे आहेत. त्यातला एक तर जंगलातलाच आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाणारे लाकडाचे आणि बांबूचे ट्रक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो चटकन कळेल. गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञाने तो अमेरिकेतल्या ओक्लाहोमात केला आणि 1975 मध्ये प्रसिद्ध केला. लाकूडतोड कंपनीचे ट्रक कायद्याने जेवढे वजन नेता येते त्याच्या जेमतेम 60 टक्के भरून जात. चालकांना आजवर ‘जमेल तेवढे चांगले करा’ एवढेच सांगितलेले होते. आता आकडा दिला गेला: 94 टक्के. बक्षीस नाही, आणि जमले नाही तर शिक्षाही नाही. पहिल्या महिन्यात भरणा 80 टक्क्यांवर गेला. दुसऱ्या महिन्यात घसरून 70 वर आला. शिक्षा करणार नाही म्हणतात ते खरे की खोटे, हे चालक मुद्दाम तपासून पाहत होते! साहेब काही बोलत नाहीत याची खात्री पटली, आणि तिसऱ्या महिन्यात आकडा 90 च्या वर गेला, तो तिथेच टिकला.

लॅथम आणि त्याचा सहकारी एडविन लॉक यांच्या सिद्धान्ताचे सार यात आले. ध्येय नेमके आणि थोडे अवघड असेल, तर माणूस ‘जमेल तेवढे’पेक्षा बरेच जास्त करतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवावे लागत नाही. 1600 मीटर, हातात घड्याळ, कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी. अभ्यासिकेत बसणाऱ्यांचेही तेच. पण ट्रक किती भरायचा हे ठरले, तरी तो न्यायचा कुठे हा प्रश्न उरतोच. ‘सध्या काय करून राह्यला?’ असे गावात कुणी विचारले की ‘भरतीची तयारी’ हे उत्तर चालून जाते. ‘कशासाठी?’ असे सहसा कुणी विचारत नाही.

या ‘कशासाठी’चा अभ्यास स्टॅनफर्डच्या विल्यम डेमन यांनी केला. किशोरवयीन आणि विशीतल्या अमेरिकन मुलांशी बोलल्यावर त्यांना असे दिसले, की साधारण पाचातल्या एकालाच आयुष्याचा स्पष्ट हेतू सापडलेला होता. हेतू म्हणजे काय, हेही त्यांनी ठरवून टाकले. तो दीर्घकाळ टिकायला हवा, स्वतःला अर्थपूर्ण वाटायला हवा आणि स्वतःपलीकडच्या जगालाही त्याचा उपयोग व्हायला हवा. बंगला, गाडी, पॅकेज ही ध्येये असू शकतात, पण डेमन त्यांना हेतू म्हणत नाहीत. उरलेल्या मुलांत एक गट निव्वळ स्वप्ने पाहणाऱ्यांचा होता. त्या स्वप्नांसाठी त्यांनी अजून काहीच केलेले नव्हते.

स्वप्नरंजन तर चक्क नुकसान करते, असे गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन संशोधिकेला आढळले. पदवी मिळवून नोकरी शोधणाऱ्यांपैकी ज्यांनी यशाची गोड चित्रे जास्त रंगवली, त्यांनी अर्ज कमी केले आणि दोन वर्षांनी त्यांचे पगारही कमी होते. पुढच्या प्रयोगांत तर अशी चित्रे रंगवताना रक्तदाबसुद्धा उतरतो असे दिसले. मनाला वाटते काम झालेच, मग अंग कशाला हलवायचे! हल्ली ध्येयांची चित्रे कापून भिंतीवर चिकटवण्याची टूम आहे. या प्रयोगांनंतर मला त्या भिंतींची काळजी वाटते.

मग हेतू सापडतो कुठे? याचे सर्वांत बारकाईने पाहता येण्याजोगे उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय बंग यांची एक आठवण अनेकांनी त्यांच्याच तोंडून ऐकली असेल. वयाच्या तेराव्या वर्षी थोरल्या भावाबरोबर सायकलवर जाताना दोघांनी आयुष्याची वाटणी करून टाकली: थोरल्याने शेती सुधारायची, धाकट्याने गावांचे आरोग्य. ही गोष्ट साधारणपणे दूरदृष्टीचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्या दृष्टीत काय दिसत नव्हते, हे जास्त मोलाचे वाटते. तेरा वर्षांच्या मुलाला गडचिरोली ठाऊक नव्हती. तो जिल्हाच मुळी 1982 मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून अभय आणि राणी बंग परतले आणि 1986 मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या आपल्या संस्थेचे काम सुरू केले. सुरुवातीलाच त्यांनी आदिवासींमधल्या सिकलसेलचा शोध घेतला. शास्त्रीय दृष्ट्या काम भक्कम होते. पण ज्यांच्यासाठी केले ते लोक थंड होते. हा तुमचा प्रश्न आहे, आमचा नाही, असा त्यांचा सूर होता. हाती लागलेले शास्त्रीय यश बाजूला ठेवून लोकांना विचारत जाणे कुठल्याही संशोधकाला सोपे नसते. बंग दांपत्याने ते केले, आणि माझ्या मते त्यांची खरी दिशा तिथे ठरली, सायकलवर नाही.

राणीताई मूळच्या चंद्रपूरच्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञ. दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी त्यांनी केली, तेव्हा 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले आणि ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन नव्हे, हे जगाला मान्य करावे लागले. दवाखान्याचेही तसेच झाले. मोठ्या इस्पितळाची भीती वाटते, लोकांनी सांगितले. तिथे पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढऱ्यात प्रेत गुंडाळतो, आणि नातेवाइकांना राहू देत नाहीत. म्हणून शोधग्राम या ‘सर्च’च्या वसाहतीतला दवाखाना आदिवासी गावासारखा झोपड्यांचा झाला आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे.

गडचिरोली जिल्ह्यातल्याच हेमलकशाची कथाही याच वळणाची आहे. तिथे आदिवासींसाठी काम करायचे स्वप्न बाबा आमट्यांचे. नागपुरात शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण अर्ध्यावर सोडून डॉ. प्रकाश आमटे ते स्वप्न पुरे करायला गेले. पण शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू पाहून त्यांनी ते माडिया आदिवासींकडून मागून घेतले आणि त्यातून अनाथ प्राण्यांचे घर उभे राहिले. हे बाबांच्या आराखड्यात कुठेच नव्हते.

‘आपली आवड शोधा’ हा सल्ला म्हणूनच मला अपुरा वाटतो. 2018 मध्ये पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी त्याची परीक्षाच घेतली. विद्यार्थ्यांना आधी कृष्णविवरांवरचा रंजक व्हिडिओ दाखवला. सगळे खूश. मग त्याच विषयावरचा किचकट शास्त्रीय लेख वाचायला दिला. आवड ही आत तयार असते, ती फक्त सापडायची असते, असे ज्यांच्या मनावर ठसवले होते, त्यांचा उत्साह जास्त ओसरला. अवघड वाटते म्हणजे ही माझी आवड नव्हेच! आवड मशागतीने वाढते असे मानणारे जास्त टिकले.

शोधग्रामात 2006 पासून चालणारा ‘निर्माण’ हा उपक्रम नेमका इथे काम करतो. विशीतल्या तरुणांनी आपल्या जगण्याचा हेतू शोधावा म्हणून अभय बंग यांनी विवेक सावंत यांच्या साथीने तो सुरू केला. मुळाशी गांधीजींची नई तालीम आहे: प्रत्यक्ष कामातून शिकायचे. शिबिरांत स्वतःविषयीचे प्रश्न असतातच, पण मुलांना गावातही पाठवले जाते. पुढे वर्षभर एखाद्या सामाजिक प्रश्नावर काम करण्यासाठी ‘कर के देखो’ नावाची फेलोशिप आहे. आधी करून पाहा, मग ठरवा. मानसशास्त्राचा कौलही याच बाजूने पडतो.

एक आक्षेप मात्र मांडायला हवा. डॉक्टर-इंजिनीअर झालेल्या मुलाला वर्षभर हेतू शोधता येतो. फसला तरी पदवी हाताशी असते. एटापल्लीच्या ज्या मुलाच्या घरी तेंदूपत्त्याच्या हंगामावर वर्ष काढतात, त्याला पोलीस भरती हाच आयुष्यभराचा आधार आहे. त्याला हेतूचे प्रवचन देणे हा उद्धटपणा ठरेल. हेतू शोधण्यासाठीही पोटाची सोय लागते, आणि ती सोय सरकारने व संस्थांनी करायची असते.

पण नोकरी आणि हेतू यांत भांडण असायलाच हवे असे नाही. 1990 च्या दशकात ‘सर्च’ने 39 गावांत बेताचे शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केले. वजनकाटा, थर्मामीटर, गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्याची पिशवी आणि जंतुसंसर्गावरचे इंजेक्शन, एवढ्यावर त्या घरोघरी नवजात बाळे तपासू लागल्या. मोबदला घेऊन करायचे काम होते ते. तीन वर्षांत नवजात बालकांचा मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाला आणि 1999 मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी ती जरूर करावी, आकडा समोर ठेवूनच करावी. पीटर गोल्विट्झर यांच्या एका प्रयोगात, सुट्टीत अहवाल लिहायचे ठरवताना ‘कधी आणि कुठे बसून’ हेही ठरवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी 71 टक्क्यांनी तो वेळेत लिहिला, नुसते ठरवणाऱ्यांपैकी 32 टक्क्यांनी. तसेच ‘कशासाठी’चेही करा. आठवड्यातला एक वार ठरवा, आपल्याच तालुक्यातला एक प्रश्न निवडा आणि त्या दिवशी तिथे जा: आश्रमशाळेत, ग्रामसभेत किंवा आशाताईंबरोबर बाळंतिणीच्या घरी. बाळंतिणीच्या घरी आशाताईंनी जायचे ही पद्धत 2011 पासून देशभर आहे. तिचा पाया गडचिरोलीतल्या त्या 39 गावांत घातला गेला.