मेलाटोनिनची बाटली

नाशिकला माझं औषधांचं दुकान आहे. मुलं-सुना अमेरिकेहून येताना आईवडिलांसाठी मेलाटोनिनच्या मोठाल्या बाटल्या आणतात. त्या संपल्या की आजी-आजोबा रिकामी बाटली काउंटरवर ठेवतात, "हेच द्या, झोपेची गोळी नाही ही, साधंच आहे."

साधं कसं म्हणू? मेलाटोनिन हे हार्मोन आहे. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी ते रक्तात सोडते. ते वाढलेलं असताना इन्शुलिन कमी सुटतं, म्हणून गोळी घेऊन मग उशिरा जेवायला बसलं तर साखर जास्त चढू शकते. मधुमेह असलेल्यांना हे मी आवर्जून सांगतो. शिवाय बाटलीवर लिहिलंय तेवढंच आत असेल असंही नाही. २०२३ साली अमेरिकेत मेलाटोनिनच्या २५ प्रकारच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, तपासल्या, त्यांतल्या २२ मध्ये प्रमाण लेबलशी जुळलं नाही.

आता हृदयाचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत निद्रानाशाच्या सुमारे १ लाख ३० हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास मांडला गेला. वर्षभर किंवा जास्त काळ मेलाटोनिन घेणाऱ्यांपैकी ४.६ टक्के लोकांना पाच वर्षांत हार्ट फेल्युअर झालं, न घेणाऱ्यांत २.७ टक्के. गोळीनेच हृदय बिघडलं, हे यातून सिद्ध होत नाही. ज्यांची झोप आणि तब्येत आधीच जास्त ढासळलेली, तेच गोळीकडे वळले असतील. अमेरिकेत ती चिठ्ठीशिवाय मिळते, त्यामुळे घेणारे कित्येकजण 'न घेणाऱ्यां'त मोजले गेले असण्याचीही शक्यता आहे.

मला खरी भीती वेगळीच वाटते. हृदय दुबळं होऊ लागलं की आडवं पडल्यावर दम लागतो. माणूस दचकून उठून बसतो, उशाला आणखी एक उशी घेतो, लघवीला सारखा उठतो. घरात याला "झोप येत नाही" एवढंच म्हणतात. घोरता घोरता श्वास अडणाऱ्यांचंही तसंच. त्यांचं बीपी कित्येकदा गोळ्यांनीही आटोक्यात येत नाही. अशा माणसाच्या हाती महिनोन्‌महिने गमी देत राहिलं, तर आजार तपासायचाच राहून जातो.

प्रवासानंतर चार दिवस घ्यायला माझी हरकत नाही. पण महिना उलटूनही बाटली लागत असेल, रात्री दम लागत असेल, पायांवर सूज असेल, तर माझ्या दुकानात येण्याआधी डॉक्टरांकडे जा. आणि ती बाटली सोबत न्या. बीपी-शुगरच्या गोळ्या सांगताना लोक नेमकी हीच सांगायची विसरतात.